तळे खुले आहे, ओंजळ कोण भरणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांत गुणवंतांच्या सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. बुद्धविहारात सतरंज्या अंथरल्या जातात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार वाहिला जातो, त्रिसरण-पंचशील होते, मुलांच्या हाती पेन, वही आणि गुलाबाचे फूल पडते आणि प्रमुख पाहुणे 'इंजिनिअर व्हा, समाजाचे नाव मोठे करा' असे सांगून पुढच्या कार्यक्रमाला निघून जातात. यात वाईट काहीच नाही. शिकणाऱ्या मुलाची पाठ थोपटणारा समाज हा जिवंत समाज असतो. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या चार वर्षांचा. शिष्यवृत्तीच्या भरवशावर मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जातो, शासकीय वसतिगृहात नाहीतर भाड्याच्या खोलीत राहतो, विषय सोडवत सोडवत शेवटच्या वर्षाला पोहोचतो. कॉलेजात कंपन्या येतात आणि एकच प्रश्न विचारतात, 'अनुभव काय?' शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे काकाच्या कंपनीत केलेल्या इंटर्नशिपचा कागद असतो. आपल्या मुलालाही काका असतो, पण तो महापालिकेच्या सफाई खात्यात असतो! अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात आपली किती मुले अडकून पडली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. त्यासाठीचा लढा चालू राहिलाच पाहिजे. पण लढा चालू असताना आज सेकंड इयरला असलेल्या मुला-मुलीने काय करायचे? त्यांच्यासाठी एक रस्ता आहे. त्याला ओळखपाळख लागत नाही, देणगी लागत नाही, कोणाच्या चिठ्ठीचीही गरज नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जगात विद्यार्थ्यांना हाताला धरून काम शिकवणारे आणि त्या कामाचे मानधनही देणारे उपक्रम गेली वीस वर्षे चालू आहेत. त्यांची नावे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांतील पोरांना तोंडपाठ आहेत. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मात्र ती अजून पोहोचलेली नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

ओपन सोर्स म्हणजे काय?

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची संहिता. बहुतेक कंपन्या ही संहिता कुलपात ठेवतात. तुम्ही पैसे मोजून वस्तू वापरायची, पण आत काय आहे ते पाहायचे नाही. ज्ञान कुलपात ठेवणे आणि त्यावर मक्तेदारी सांगणे हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही. या कुलूपबंदीविरुद्ध अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क प्रत्येकाला असला पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसमोर ठेवला. आज तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो आणि जगातील पहिले पाचशे महासंगणकही त्याच्यावरच चालतात. हजारो माणसांनी थोडे थोडे लिहून, एकमेकांच्या चुका दुरुस्त करून हे उभे केले आहे. विकिपीडिया चालवणारे मीडियाविकी, फायरफॉक्स, लिबरऑफिस, पायथन ही सारी त्याच कुळातली. कोणीही आत यावे, संहिता वाचावी, चूक दाखवावी, सुधारणा पाठवावी. सुधारणा योग्य असेल तर ती स्वीकारली जाते आणि पाठवणाऱ्याच्या नावानिशी, तारीख-वेळेसह कायमची नोंदली जाते.

शेवटच्या वाक्याकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत आडनाव पाहून गुण कसे कापले जातात, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. बंद खोलीत काय घडले याचा पुरावा नसतो. येथे पुरावा उघड्यावर असतो. तुमचे काम, त्यावर झालेली चर्चा, ते कोणी तपासले, कधी स्वीकारले, हे सारे जगाला दिसते. ते कोणाला पुसता येत नाही.

महाडची आठवण

मग हे दार उघडे आहे तर आपली मुले आत का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, जेव्हा बाबासाहेब हजारोंच्या समुदायाला घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी ओंजळ भरली. 'खुले आहे' असे म्हणणे वेगळे आणि तिथवर पोहोचणे वेगळे, हे महाडने आपल्याला शिकवले.

तुलना तंतोतंत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. महाडला वाटेत लाठ्या घेऊन उभे राहिलेले सनातनी होते, रक्त सांडले. ओपन सोर्सच्या वाटेवर कोणी लाठी घेऊन उभा नाही. येथे अडथळा आहे तो माहितीच्या वारशाचा. मोठ्या संस्थांच्या वसतिगृहात थर्ड इयरचा मुलगा फर्स्ट इयरच्या मुलाला सांगतो की अमुक महिन्यात तमुक प्रकल्प धर, अर्ज असा लिही, हा माझा अर्ज बघ. जेवणाच्या टेबलावर ही विद्या फुकट वाटली जाते. आपल्या मुलाला हे उपक्रम असतात हेच शेवटच्या वर्षी कळते आणि तोवर मुदत निघून गेलेली असते. बुद्धी कमी पडत नाही, बातमी उशिरा पोहोचते. बातमी वेळेवर पोहोचवणे हे चळवळीचेच काम नव्हे काय?

उपक्रम कोणते?

सर्वात जुना आणि मोठा उपक्रम म्हणजे 'गुगल समर ऑफ कोड'. तो २००५ साली सुरू झाला. गुगल पैसा देते, पण विद्यार्थी निवडतात ते त्या त्या ओपन सोर्स संस्था. दरवर्षी अशा दीड-दोनशे संस्था निवडल्या जातात आणि अलीकडच्या वर्षांत हजार-बाराशे जणांना संधी मिळते. अर्ज अर्थातच त्याच्या अनेक पटींनी येतात. निवड झालेल्याला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, मिळतो आणि त्याच्या देखरेखीखाली घरी बसून काम करायचे असते. काम ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असते. मानधन देशाप्रमाणे बदलते. भारतात २०२४ साली लहान कामाला ७५०, मध्यम कामाला १५०० आणि मोठ्या कामाला ३००० डॉलर असा दर होता. ३००० डॉलर म्हणजे अडीच लाख रुपयांच्या आसपास. श्रीमंत देशांतल्या मुलाला त्याच कामाचे दुपटीपर्यंत मिळतात, ही विषमता नोंदवून पुढे जाऊ.

या उपक्रमात २०२२ साली एक मोठा बदल झाला, तो आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पूर्वी विद्यार्थीच असावे लागे. आता वय १८ पूर्ण असले आणि माणूस ओपन सोर्समध्ये नवखा असला की तो अर्ज करू शकतो. म्हणजे बीसीए, बीएस्सी, पॉलिटेक्निक डिप्लोमा करणारी मुले तर आलीच, पण परिस्थितीमुळे शिक्षण सुटलेला, दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा आणि रात्री प्रोग्रॅमिंग शिकणारा मुलगाही आला. गुणपत्रिका कोणी मागत नाही.

दुसरा उपक्रम 'आउटरीची'. ग्नोम या प्रकल्पाने २००६ साली मुलींसाठी सुरू केलेल्या प्रयत्नातून तो वाढला आणि २०१५ पासून या नावाने 'सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या छत्राखाली चालत आला. आपापल्या देशातील तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना डावलले जाते, ज्यांच्याविरुद्ध भेदभाव होतो, त्यांच्यासाठीच तो आहे. वर्षातून दोन फेऱ्या, एक मे-ऑगस्टची आणि एक डिसेंबर-मार्चची. आठवड्याला सुमारे ३० तास काम. गेली काही वर्षे सर्व देशांतील निवडलेल्यांना सारखेच ७००० डॉलर मानधन मिळत आले आहे. अर्जातच विचारले जाते की तुम्हाला कोणता भेदभाव सोसावा लागला, तुमच्या समाजाचे प्रतिनिधित्व या क्षेत्रात किती आहे. जन्मभर आपल्याला सांगण्यात आले की जातीचे नाव काढू नका. येथे ते नाव काढणे हा अर्जाचा भाग आहे! आपल्या मुलींनी संकोच न करता, रडगाणे न करता, घडले तसे लिहावे.

तिसरा उपक्रम लिनक्स फाउंडेशनचा 'एलएफएक्स मेंटॉरशिप'. तो वर्षातून तीन वेळा होतो आणि तेथेही देशाप्रमाणे मानधन मिळते. चौथे ठिकाण आपल्या दारातच, पवईच्या आयआयटीत आहे. 'फॉसी' हा केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशातून चालणारा प्रकल्प. त्याच्या उन्हाळी फेलोशिपसाठी गुणांपेक्षा दिलेले प्रत्यक्ष काम करून दाखवण्याला महत्त्व असते. अभ्यासक्रमातल्या पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करून देणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते मानधन देत आले आहेत. ज्याला अमेरिकेतल्या उपक्रमांची धास्ती वाटते त्याने सुरुवात येथून करावी. त्याच आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प लिनक्सपासून प्रोग्रॅमिंगच्या भाषांपर्यंतचे धडे मराठीतून शिकवतो. ज्याची दहावी जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळेच्या मराठी माध्यमात झाली, त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

श्रीलंकेने काय केले?

'हे सगळे आयआयटीवाल्यांचे काम' असे म्हणणाऱ्यांना आम्ही श्रीलंकेचे उदाहरण देतो. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या देशात गेले, तोच हा चिमुकला देश. गुगल समर ऑफ कोडच्या पहिल्या दहा वर्षांत जगातील सर्व विद्यापीठांमध्ये सर्वाधिक विद्यार्थी निवडले गेले ते श्रीलंकेतील मोराटुवा विद्यापीठाचे. भारतातील नामांकित संस्थाही त्याच्या मागे राहिल्या. हे कसे घडले? २००३ साली संजीव वीरवर्णा यांच्या पुढाकाराने 'लंका सॉफ्टवेअर फाउंडेशन' उभे राहिले. तेथे स्थानिक तरुणांना जगाच्या प्रकल्पांत काम करण्याची सवय लावली गेली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत देश उद्ध्वस्त झाला तेव्हा तेथील स्वयंसेवकांनी मदतकार्यासाठी 'सहाना' हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले, ते पुढे इतर देशांतील आपत्तींतही वापरले गेले. एकदा एक तुकडी आत गेली की तिने मागच्या तुकडीला ओढले. पुढे गेलेल्याने मागे वळून हात दिला, एवढेच त्याचे रहस्य आहे. जे मोराटुवाला जमले ते लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजांतील मुलांना का जमू नये?

सुरुवात कशी करायची?

आता प्रत्यक्ष कामाचे. पहिली पायरी, एक भाषा नीट शिकणे. पायथन, जावास्क्रिप्ट, सी, कोणतीही चालेल, पण एकच आणि नीट. त्यासोबत लिनक्सचा रोजचा वापर आणि 'गिट'. संहितेतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे हे साधन आहे, त्याशिवाय पान हलत नाही. दुसरी पायरी, प्रकल्प निवडणे. मागील वर्षांत कोणकोणत्या संस्था निवडल्या गेल्या त्यांच्या याद्या खुल्या आहेत. वर्षानुवर्षे सातत्याने येणाऱ्या संस्थांपैकी एक निवडावी. नाव मोठे म्हणून निवडू नये, आपण वापरतो आणि आपल्याला कळते म्हणून निवडावी. तिसरी पायरी, तो प्रकल्प आपल्या यंत्रावर चालवून पाहणे. निम्मी मुले येथेच गळतात, कारण पहिल्या दिवशी तो चालत नाही. चालत नाही तर नेमकी काय त्रुटी दाखवतो ते लिहून काढावे, शोधावे, मग विचारावे.

विचारणे ही चौथी आणि सर्वात अवघड पायरी. आपल्या मुलाला वर्गात प्रश्न विचारण्याची सवय नसते. विचारला की हशा पिकतो, 'कोट्यातला' म्हणून कुजबुज होते, हे त्याने भोगलेले असते. म्हणून तो मार्गदर्शकाला खासगीत लिहितो, 'सर, मला मार्गदर्शन करा'. त्याला उत्तर येत नाही आणि तो खचतो. ओपन सोर्समध्ये प्रश्न सर्वांसमोर विचारायचा असतो, म्हणजे उत्तराचा उपयोग सर्वांना होतो. मी काय करू पाहत होतो, काय केले, काय घडले, हे तीन-चार छोट्या वाक्यांत लिहावे. येथे कोणी 'सर' नाही, कोणी 'मॅडम' नाही. वीस वर्षे काम केलेल्या माणसालाही पहिल्या नावानेच हाक मारतात. तो उद्धटपणा नव्हे, ती तेथील रीत आहे.

पाचवी पायरी, छोटी दुरुस्ती. बहुतेक प्रकल्प नवख्यांसाठी सोपी कामे वेगळी खूण करून ठेवतात. माहितीपत्रकातील चूक, न चालणारे बटण, राहून गेलेली चाचणी. एखादे काम घ्यावे, करावे आणि तपासणीसाठी पाठवावे. ते दुरुस्तीसाठी परत येईल. एकदा नव्हे, तीनदा येईल. आम्ही मुद्दाम सांगतो की हा अपमान नाही. ज्याला शाळेत 'तुला काय येणार' असे ऐकवले गेले, त्याला लाल रेघ दिसली की जुनी जखम ठणकते. पण लिनक्सच्या गाभ्यात मुरलेल्या माणसांचे कामही दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती लिहूनच स्वीकारले जाते. परत आलेले काम म्हणजे तुमच्यासाठी कोणीतरी वेळ खर्च केला याची खूण. अंगठा मागणारा गुरू आणि चूक दाखवणारा मार्गदर्शक यांतला फरक आपल्या मुलांनी ओळखला पाहिजे.

अशी पाच-दहा कामे झाली की मग अर्ज. अर्जात प्रश्न काय आहे, तो कसा सोडवणार, कोणत्या आठवड्यात काय करणार, परीक्षा कधी आहे, हे प्रामाणिकपणे लिहायचे. अर्ज पाठवण्याआधी मार्गदर्शकाला दाखवून त्याच्या सूचना घ्यायच्या. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेकडून गुळगुळीत अर्ज लिहून घेण्याची टूम निघाली आहे. असे शेकडो सारखे अर्ज वाचून मार्गदर्शक विटले आहेत. मोडक्या इंग्रजीत लिहिलेला, पण काम समजलेला अर्ज त्यांना जास्त मोलाचा वाटतो. संख्या वाढवण्यासाठी निरर्थक दुरुस्त्या पाठवणेही घातक. २०२० सालच्या 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात एका टी-शर्टच्या लोभाने असा कचरा इतका साचला की आयोजकांना नियम बदलावे लागले. आपल्या नावाची नोंद कायम राहते, तशी कचऱ्याचीही राहते.

ज्याला एकदम संहितेत उतरण्याची भीती वाटते त्याच्यासाठी मराठीचे दार आहे. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पात मराठी आवाज गोळा केले जातात. अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण अर्धवट आहे. यंत्राने जी मराठी ऐकायची ती फक्त सदाशिव पेठेचीच असावी काय? वऱ्हाडी, मराठवाडी, खानदेशी बोलणाऱ्या आपल्या मुलांनी आपला आवाज तेथे नोंदवला पाहिजे. मात्र गुगल समर ऑफ कोडसाठी केवळ भाषांतर पुरत नाही, संहिता लिहावी लागते. आउटरीचीमध्ये लेखन आणि आरेखनाची कामेही असतात.

अडचणी आणि जातीचा प्रश्न

अडचणी खऱ्या आहेत. हे काम मोबाइलवर होत नाही, लॅपटॉप लागतो. मानधन काम तपासल्यावर हप्त्यांनी मिळते, आधी नाही. म्हणजे लॅपटॉप घेण्यासाठी जो पैसा हवा तो लॅपटॉपवर काम केल्यावर मिळणार! सुट्टीत कॅटरिंगच्या आणि बांधकामाच्या कामावर जाऊन घराला हातभार लावणारा मुलगा तीन महिने बिनपैशाचा सराव कसा करणार? मुलगी लॅपटॉपसमोर बसली की ती रिकामी बसली आहे असे समजून तिला भांड्याला बोलावले जाते. 'ज्याच्यात गुणवत्ता आहे तो वर येतोच' असे ओपन सोर्सवालेही वर्षानुवर्षे म्हणत आले. गुणवत्तेचे हे तुणतुणे आपल्या कानांना ओळखीचे आहे. हाती असलेला मोकळा वेळ, वीज, यंत्र आणि इंग्रजी या गोष्टी गुणवत्तेच्या नावाखाली लपतात. हे ओळखूनच मोझिलाने २०१८ साली आपल्या कारभाराच्या वर्णनातून तो शब्द काढून टाकला.

आणि जात? सातासमुद्रापलीकडे गेल्याने जात सुटत नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याशी झालेल्या भेदभावाचा दावा दाखल केला. ज्या गुगलच्या उपक्रमाबद्दल आम्ही लिहीत आहोत, त्याच गुगलमध्ये एप्रिल २०२२ मध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त थेनमोळी सौंदरराजन यांचे भाषण ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि ते रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. मग अशा कंपनीचा पैसा आपल्या मुलांनी घ्यावा काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. घ्यावा, कारण तो कामाचा मोबदला आहे, उपकार नाही. आणि काम कंपनीच्या तिजोरीत जात नाही, ते सर्वांसाठी खुले राहते. पण डोळे उघडे ठेवून घ्यावा. लढ्याचे फळही दिसू लागले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. जगभरच्या असंख्य प्रकल्पांनी स्वीकारलेल्या 'कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट' या आचारसंहितेच्या २.१ आवृत्तीत वंश आणि वर्ण यांच्याबरोबर 'जात' हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. प्रकल्प निवडताना त्याची आचारसंहिता आपल्या मुलांनी वाचावी आणि प्रसंग आलाच तर तक्रार करावी. मूग गिळून बसू नये.

चळवळीने काय करावे?

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. भाषणाने मूल शिकत नाही, त्याला राहायला छप्पर, जेवायला भाकरी आणि सांगायला माणूस लागतो, हे त्यांना ठाऊक होते. स्वतः बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे त्यांना सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. पैसा आणि मार्गदर्शक या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा प्रज्ञेला वाट मिळाली. आजच्या वसतिगृहाला आणि अभ्यासिकेलाही याच दोन गोष्टी हव्या आहेत.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक अभ्यासिकेने पाच मुला-मुलींचा एक गट करावा. निम्म्या तरी मुली असाव्यात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करून दोन जुने लॅपटॉप आणि इंटरनेट घ्यावे. जुन्या यंत्रावर लिनक्स चांगले चालते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गट बसवावा आणि गिट शिकायला घ्यावे. ६ डिसेंबरपर्यंत प्रत्येकाने एक प्रकल्प निवडून आपल्या यंत्रावर चालवलेला असावा. चैत्यभूमीवर पुस्तके घेऊन घरी येऊ, तसे पहिल्या दुरुस्तीचे कामही हाती घ्यावे. ३ जानेवारीला सावित्रीमाईंना अभिवादन करून मुलींनी आउटरीचीच्या उन्हाळी फेरीचा अर्ज लिहायला बसावे, त्याची मुदत साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत असते. फेब्रुवारीच्या अखेरीस गुगल समर ऑफ कोडच्या संस्थांची यादी लागते, अर्ज मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या आरंभी संपतात. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून त्या पाहून अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहाव्यात. म्हणजे १४ एप्रिलला निळा झेंडा खांद्यावर घेण्याआधी अर्ज गेलेला असेल आणि मेच्या सुरुवातीला निकाल कळेल. निवड झाली नाही तरी सहा महिन्यांचे काम नावावर जमा आहे, ते कोणत्याही मुलाखतीत दाखवता येते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

आणि आता शेवटचे, पण सर्वात महत्त्वाचे. हिंजवडीत, बंगळुरूत, अमेरिकेत नोकरी करणारे आपले शेकडो अभियंते आहेत. ते आरक्षणातून शिकले, पुढे गेले, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली, ती ऐकून आपण सत्तर वर्षे हळहळत आलो आहोत. या अभियंत्यांकडे आम्ही देणगी मागत नाही. आठवड्यातले दोन तास मागतो. रविवारी सकाळी एका अभ्यासिकेतील पाच मुलांचे काम पाहा, त्यांचे अडलेले सोडवा, त्यांचा अर्ज वाचा. ज्यांना पैसा देणे शक्य आहे त्यांनी एका मुलाला तीन महिने सुट्टीतल्या मजुरीइतके पैसे द्यावेत, म्हणजे तो कॅटरिंगला जाणार नाही, कामाला बसेल. आणि त्या मुलाकडून एकच वचन घ्यावे की पुढच्या वर्षी तो दोघांना शिकवेल.

महाडला एकट्या माणसाने ओंजळ भरली असती तर ती एका माणसाची तहान भागली असती. समुदाय चालत गेला म्हणून इतिहास घडला. आजचे तळेही खुले आहे. या विजयादशमीला आपल्या अभ्यासिकेत पाच मुलांचा गट बसतो की नाही, एवढाच आता प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर सरकारने नव्हे, आपण द्यायचे आहे.